गिटारवरील मींड आणि मळ्यांतील माणसे

समुद्रापार गेलेल्या मराठी कुटुंबांच्या सांस्कृतिक मंडळांत संगीताचा वर्ग बहुधा असतोच. तेथे पेटी असते, तबला असतो, एखाद्या ठिकाणी सतारही भिंतीला टेकून उभी असते. परंतु घरची गिटार खांद्याला लावून एखादा तरुण त्या वर्गाच्या दारात आला, तर त्याचे स्वागत सहसा होत नाही. ‘हे आपले वाद्य नव्हे’ एवढ्या चार शब्दांत त्याची बोळवण होते. तो मुलगा परत जातो, आणि पुष्कळदा मंडळाच्या कार्यक्रमांना येण्याचेही हळूहळू सोडून देतो. वर्ग चालवणाऱ्यांना वाटते, आपण परंपरा राखली. वस्तुतः त्यांनी एक विद्यार्थी घालवलेला असतो, आणि तोही अशा वाद्यापायी, ज्याची एक शाखा मळ्यांत राबणाऱ्या माणसांनीच घडवली आहे.

गिटार पाश्चात्त्य आहे, हे खरेच. पण पेटी तरी कोठली? १९ व्या शतकात पॅरिसमध्ये आकारास आलेले हे वाद्य युरोपीयांबरोबर हिंदुस्थानात आले. मराठी रंगभूमीने ते उचलले, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी त्यास मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. याच पेटीला अखिल भारतीय नभोवाणीने १९४० मध्ये दार बंद केले होते. १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली. आक्षेप असा होता की, दोन स्वरांच्या मधली वाट तिला चालता येत नाही. एका पट्टीवरून बोट उचलावे तेव्हा दुसरी पट्टी बोलते. मधले सारे मुके. हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या निराधार नव्हता. तरीही लोकांनी पेटी सोडली नाही, आणि आज भजन असो की नाट्यगीत, तिच्यावाचून पान हलत नाही. तेव्हा जे मंडळ पेटीला देवघरात बसवते, त्याने गिटारला केवळ परकी म्हणून बाहेर ठेवणे युक्तीला धरून होत नाही. प्रश्न विचारायचाच तर वाद्य कोठले हा विचारू नये; आपल्या गाण्याला लागणारे काम ते करू शकते काय, हा विचारावा.

नेहमीच्या पद्धतीने वाजवलेली गिटार ते काम करू शकत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तिच्या दांड्यावर धातूच्या पट्ट्या, म्हणजे पडदे, ठोकलेले असतात. पडदे सतारीलाही असतात. पण सतारीची तार पडद्यावर आडवी खेचून चार-पाच स्वरांची मींड काढता येते. गिटारची तार तितकी खेचत नाही. तिच्यावर बोट ठेवले की ठरलेला स्वर येतो आणि तेथेच थांबतो. यावर अमेरिकेतील वादकांनी जो उपाय केला त्याला ‘स्लाइड’ म्हणतात. मराठी श्रोत्यांना ही गिटार ‘हवाईयन गिटार’ या नावाने अधिक परिचित आहे. उपाय सांगायला सोपा आहे: डाव्या हाताच्या बोटांनी तार दाबायचीच नाही, तिच्यावर काचेची नळी किंवा पोलादाची गुळगुळीत कांडी नुसती टेकवायची आणि सरकवीत न्यायची. पडदे जागच्या जागी राहतात, पण त्यांची सत्ता संपते.

साधायला मात्र हा उपाय सोपा नाही. नळी पडद्याच्या मागे नव्हे, बरोबर पडद्याच्या पट्टीच्या माथ्यावर आली पाहिजे. केसभर मागेपुढे झाली की स्वर ढळतो. दाब इतका हलका हवा की तार पडद्यास टेकू नये, आणि इतका अपुरा नको की ती झणझणू लागावी. नळीच्या मागे उरलेला तारेचा भाग आपल्याच एका भलत्या स्वरात गुणगुणत असतो. तो मागच्या बोटाने हळूच मिटवावा लागतो. ज्या तारा त्या क्षणी बोलावयाच्या नाहीत, त्या उजव्या हाताने गप्प कराव्या लागतात. चांगल्या स्लाइडवादकाचे निम्मे कसब असे गप्प करण्यात आहे. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. स्वरावर पोहोचल्यानंतर नळीला जो सूक्ष्म झोका द्यायचा, तो स्वराच्या दोन्ही अंगांना सारखा पडावा लागतो. हात घाईचा असेल तर तो झोका आंदोलन न राहता थरथर होते.

तारा जुळवण्याची रीतही निराळी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत एका जुळणीला ‘वेस्टापोल’ म्हणत. तिच्यात जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सहा स्वर सा, प, सा, ग, प, सा असे लागतात. दुसरी ‘स्पॅनिश’ नावाची: प, सा, प, सा, ग, प. मोकळ्या तारा छेडल्या की षड्ज-पंचमाचा भरणा कानी येतो. तंबोऱ्याखाली वाढलेल्या कानाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. आणखी एक गोष्ट संगीताच्या जाणकारांनी ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ नामक गाण्यात गंधाराची एक खास जागा आहे. ती कोमल गंधारापेक्षा चढी आणि शुद्ध गंधारापेक्षा उतरती असते, आणि गाणारा तेथे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने येऊन टेकतो. पियानोच्या पट्ट्यांत ही जागा नाही. पेटीत तर नाहीच. काचेच्या नळीला ती सहज सापडते.

ही नळी कोणाच्या हातात होती, हे पाहिल्याखेरीज तिचे मोल कळत नाही. मिसिसिपी राज्याच्या वायव्येस नदीच्या गाळाने भरलेला सपाट, काळ्या मातीचा प्रदेश आहे. त्यास ‘डेल्टा’ म्हणतात. तेथे कापसाचे मोठमोठे मळे होते. १८६५ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेतील १३ व्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली, परंतु जमीन मळेवाल्यांकडेच राहिली. मुक्त झालेली माणसे त्याच जमिनीवर वाट्याने कापूस पिकवू लागली. बी, खेचर, पीठ, कापड हे सर्व मळ्याच्या दुकानातून उधार मिळे. वर्षाअखेर कापूस तोलला जाई आणि हिशेब मळेवाल्याच्या वहीत होई. पुष्कळांच्या हाती तेव्हा पैसा न येता मागील बाकीच येत असे. बाकी फिटल्याशिवाय मळा सोडता येत नसे.

या वहीचा अर्थ करारबद्ध मजुरांच्या वंशजांना फोडून सांगावा लागत नाही. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. तत्पूर्वीच, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून माणसे आणण्यास प्रारंभ झाला होता, आणि पुढे मुंबई बंदरातून कोकणची व देशावरची कुटुंबेही तेथे उतरली. तेथे एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचे वेतन कापण्याची रीत होती. तिला ‘डबल कट’ म्हणत. गुलामगिरी आणि गिरमिट यांना एकाच मापाने मोजू नये. ज्यांना बाजारात विकले गेले, त्यांचे दुःख निराळ्या प्रतीचे होते; ज्यांनी पाच वर्षांच्या कागदावर अंगठा उठवला, त्यांच्यापाशी निदान गाव, भाषा, देव आणि ओव्या यांची शिदोरी होती. पण हिशेबाच्या वहीने माणूस बांधून ठेवण्याची युक्ती दोन्हीकडे एकच होती.

डेल्टामधल्या मजुरांच्या मुलांना गिटार विकत घेणे परवडत नसे. ती मुले केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवून घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणून बसवीत, तिच्याखाली घोडीसारखी एक बाटली सारीत, आणि दुसरी बाटली तारेवरून फिरवीत एका हाताने ती छेडीत. भिंत हाच भोपळा. पश्चिम आफ्रिकेत एकतारी वाद्याची अशी जात पूर्वापार होती. तिची आठवण समुद्र ओलांडून, भाषा आणि नावे गमावल्यानंतरही, हातांत उरली होती. पुढे स्वस्त गिटारी टपालाने येऊ लागल्या, तेव्हा भिंतीवरची विद्या गिटारवर चढली. बाटलीचा गळा कापून, धार घासून, तो करंगळीत किंवा अनामिकेत घालीत. कोणी खिशातला चाकू वापरी.

डब्ल्यू. सी. हँडी हे ब्लूजची गाणी लिपिबद्ध करून छापणारे पहिल्या पिढीतील संगीतकार. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर गाडीची वाट पाहत असता, शेजारी बसलेला एक फाटक्या कपड्यांचा कृष्णवर्णीय माणूस तारांवर चाकू दाबून गिटार वाजवीत होता, अशी हकीकत त्यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात दिली आहे. इतके विलक्षण संगीत आपण कधी ऐकले नव्हते, असा त्यांचा अभिप्राय आहे. हँडी शिकलेले, नोटेशन वाचणारे, वाद्यवृंद चालवणारे गृहस्थ होते. तो माणूस कोण, हे त्यांनी विचारले नाही. त्यामुळे या कलेच्या या लेखी साक्षीत वादकाचे नाव नाही. पुढे १९२३ मध्ये सिल्व्हेस्टर वीव्हर यांची तबकडी निघाली आणि ब्लूजमधील ही सरकती गिटार प्रथम ध्वनिमुद्रित झाली. मग नावे भराभर पुढे येतात. डॉकरी मळ्यावर वाढलेले चार्ली पॅटन. धर्मोपदेश आणि गिटार यांच्या ओढाताणीत आयुष्य काढलेले सन हाउस. अवघी २९ गाणी ध्वनिमुद्रित करून १९३८ मध्ये, २७ व्या वर्षी वारलेले रॉबर्ट जॉन्सन. टॅम्पा रेड यांचा हात या सर्वांहून सफाईदार होता. एकाच तारेवर सुबक, स्वच्छ ओळी काढण्यात त्यांची बरोबरी करणारे थोडे. रसिकांनी त्यांना दिलेले स्थान त्यांच्या योग्यतेपेक्षा कमी आहे, असे म्हणावे लागते.

परंतु एकच तबकडी ऐकायची असेल तर ती टेक्सासच्या ब्लाइंड विली जॉन्सन यांची ऐकावी. हे अंध गायक रस्त्यावर उभे राहून ख्रिस्ती भक्तिगीते गात. ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलस येथे त्यांनी ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ हे स्तोत्र मुद्रित केले. १८ व्या शतकातील एका इंग्रजी स्तोत्राचे नाव तेवढे त्यात राहिले आहे. शब्द उच्चारलेलेच नाहीत. गायक नुसता हुंकार देतो, कण्हतो. त्याचा स्वर जेथे सुटतो तेथून नळी तो उचलते, आणि पुन्हा त्याच्या स्वाधीन करते. साडेतीन मिनिटांच्या आत हा सारा प्रकार संपतो. शब्दांवाचून आलाप म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथे दुभाष्याची गरज नाही. १९४५ मध्ये जॉन्सन यांचे घर जळाले. त्याच जळक्या घरात ओल्या अंथरुणावर निजून त्यांना दुखणे जडले आणि ते वारले, असे त्यांच्या पत्नीने नंतर सांगितले.

१९७७ मध्ये अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अवकाशात सोडली. पृथ्वीची ओळख म्हणून त्यांच्याबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी पाठवली आहे. तिच्यात जॉन्सन यांचे हे स्तोत्र आहे, आणि त्याच तबकडीत गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. १९७७ च्या सप्टेंबरातच केसरबाई निवर्तल्या. निवड करणाऱ्यांनी या दोन आवाजांचा काही संबंध जोडला होता असे नव्हे. पण ज्या मंडळांत केसरबाईंचे नाव आदराने घेतले जाते, तेथे त्यांच्या या सहप्रवाशाचे नाव कोणासही ठाऊक नसावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

मळ्यातून शहराकडे जाण्याची कथा मडी वॉटर्स यांच्या चरित्रात आहे. त्यांचे खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. १९४१ च्या ऑगस्टात संशोधक अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क स्टोव्हल मळ्यावर ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन गेले, तेव्हा हे तेथे मजुरी करीत. आपला आवाज तबकडीवरून परत ऐकला आणि आपणही गवई आहोत, याची त्यांना खात्री पटली. ते मळ्यावर ट्रॅक्टर चालवीत, तासाला २२.५ सेंट मिळत. २५ सेंट मागितले, ते मुकादमाने नाकारले, आणि १९४३ मध्ये ते शिकागोची गाडी पकडून गेले, अशी हकीकत आहे. अडीच सेंट वाचवणाऱ्या त्या मुकादमाचे नाव आज कोणी घेत नाही. शिकागोच्या गोंगाटात ऐकू जावे म्हणून वॉटर्स यांनी विजेची गिटार धरली. १९४८ मधील त्यांच्या तबकडीत डेल्टाची नळी विजेच्या तारेवर चालते. एल्मोर जेम्स यांनी तिला आणखी धारदार केले. पुढच्या पिढीत ड्वेन ऑलमन हा गोरा तरुण सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घालून वाजवी. १९७१ मध्ये, पंचविशीही पूर्ण होण्याआधी, तो अपघातात गेला. बॉनी रेट यांनी तर स्लाइड हा पुरुषांचाच प्रांत आहे, हा समज वाजवून खोडून काढला. आता ही विद्या वर्ण, प्रांत आणि देश यांच्या पलीकडे गेली आहे.

डेल्टापासून हजारो मैलांवर, प्रशांत महासागरातील हवाई बेटांत, हीच विद्या दुसऱ्या वाटेने आली. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होते. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे जोडून घेतली आणि १९५९ मध्ये ती एक घटक राज्य झाली. येथेही ऊस, येथेही करार. चीन, जपान आणि पोर्तुगालच्या बेटांतून आलेले मजूर या मळ्यांत राबत. कराराने बांधण्याची ती पद्धत १९०० मध्ये कायद्याने संपली. १८७९ मध्ये मदेरा बेटातून आलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या जहाजावर तीन सुतार होते. त्यांच्या गावाकडच्या लहान चार तारी वाद्यापासून हवाईचे प्रसिद्ध ‘युकुलेले’ जन्मले. मळेवाल्यांनी हात मागवले होते. हातांबरोबर काय काय येते, याचा त्यांनी हिशेब केला नव्हता.

गिटार मात्र बेटांवर त्यापूर्वीच, मेक्सिकोतून आलेल्या गुराख्यांबरोबर, पोहोचली होती. ओआहू बेटावरील लाइए गावचा जोसेफ केकुकू हा मुलगा होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकत असता, १८८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, मांडीवर आडव्या घेतलेल्या गिटारवर लोखंडी वस्तू सरकवून वाजवू लागला. रेल्वेच्या रुळाशी सापडलेल्या खिळ्यापासून हे सुचले, अशी कथा आहे. कथा कशीही असो, त्याने नुसती गंमत करून सोडून दिले नाही. तारा उंच उचलल्या, कांडीला आकार दिला, रीत बसवली आणि सोबत्यांना शिकवली. १९०४ मध्ये तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला, पुढे युरोपातही हिंडला, आणि १९३२ मध्ये न्यू जर्सीत वारला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील महाप्रदर्शनानंतर अमेरिकेला हवाईयन संगीताचे वेडच लागले. विजेवर चालणारी आणि बाजारात टिकलेली पहिली गिटार १९३२ मध्ये निघाली, तीही मांडीवर घेऊन कांडीने वाजवण्याची हवाईयन जातीचीच होती. तव्यासारख्या आकारामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. नंतरचे सगळे विजेच्या गिटारींचे कुटुंब या तव्याच्या मागून आले आहे.

येथे आपल्या समाजाच्या एका जुन्या खोडीचा विचार करावा लागतो. कोणतीही चांगली गोष्ट दिसली की तिचा उगम भारतात दाखवल्याशिवाय कित्येकांचे समाधान होत नाही. स्लाइडच्या बाबतीत तर पुरावाही हाताशी आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने १३ व्या शतकात शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात वर्णिलेली एकतंत्री वीणा डाव्या हातातील बांबूच्या तुकड्याने, तारेवर घासत वाजवीत. महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिलेल्या ग्रंथात ही नोंद आहे. उत्तरेची विचित्र वीणा काचेच्या गोट्याने वाजते. दक्षिणेत तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांनी गोट्टुवाद्यास मैफलीत पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. नाव ऐकताच तंजावरच्या मराठी घराण्यांची आठवण व्हावी. त्यातच हवाईत गॅब्रिएल डेव्हिऑन नावाच्या एका खलाशाची कथा सांगतात. हा मुलगा हिंदुस्थानात जन्मला, एका जहाजाच्या कप्तानाने त्यास पळवून नेले आणि तो होनोलुलूस पोहोचला. केकुकूच्याही आधी, १८८५ च्या सुमारास, तो तारेवर वस्तू सरकवून वाजवीत असे, अशी तिकडच्या जुन्या संगीतकारांची आठवण आहे. एवढे धागे मिळाल्यावर ‘हवाईयन गिटार मुळात आपलीच’ हे वाक्य कितीसे दूर?

ते वाक्य उच्चारू नये. एकतंत्री वीणा आणि डेव्हिऑन यांच्यामध्ये सहा शतके आणि एक महासागर आहे, आणि त्यांना जोडणारा दुवा कोणी दाखवलेला नाही. पळवून नेलेल्या त्या पोराने वीणा पाहिली होती, असे मानण्यास कोणताही आधार नाही. त्याची कथा अभिमानाने मिरवावी अशी नव्हेच. फसवून, भुलवून जहाजावर चढवलेल्या कितीतरी माणसांची आठवण करून देणारी ती दुःखाची कथा आहे. आणि डेल्टातील मुलांनी भिंतीवर तार ताणली ती शार्ङ्गदेवांना विचारून नव्हे. माणसाचा गळा जेथे दोन स्वरांमधून वाहतो, तेथे तारेलाही तसे वाहते करावे असे वाटणे स्वाभाविक आहे. ते देवगिरीस वाटले, आफ्रिकेत वाटले, हवाईत वाटले. केकुकूच्या डोक्यावरचा मुकुट काढून आपल्या डोक्यावर ठेवल्याने आपल्या वर्गातल्या एकाही मुलाला एक मींडही येणार नाही. उगमाचे भांडण करणारे बहुधा वाजवीत नाहीत.

परके वाद्य धर्मसंस्थेत घेतल्याने भाव बाटतो, ही दुसरी शंका. तिचे उत्तर अमेरिकेतच मिळते. ‘हाउस ऑफ गॉड’ या कृष्णवर्णीय ख्रिस्ती पंथाच्या मंदिरांत १९३० नंतरच्या दशकात पोलादी कांडीची गिटार शिरली. तेथे ऑर्गन विकत घेण्याइतका पैसा सर्वत्र नव्हता. फिलाडेल्फियातील ट्रोमन ईसन या तरुणाने एका हवाईयन शिक्षकाकडे धडे घेतले. त्याचा धाकटा भाऊ विली याने हवाईयन लकबी बाजूस ठेवून, भक्त जसे गातात, हाका मारतात, हुंदका देतात तशी गिटार बोलती केली. गाणाऱ्याने ओळीचा अर्धा भाग म्हणावा आणि उरलेला गिटारने, इतका नेमका तिचा उच्चार होई. वारकरी कीर्तनात टाळकरी जसा पुढचा चरण उचलतात, तसाच हा प्रकार. ज्या कांडीवर चहाच्या मेजाभोवती हवाईयन गोड तराणे वाजत, तीच प्रार्थनेची भाषा झाली. १९७७ मध्ये जन्मलेले रॉबर्ट रँडॉल्फ हे याच मंदिरांत शिकून जगाच्या रंगमंचावर आले. त्या मंडळींनी वाद्याची जात विचारली असती, तर त्यांची उपासना आज अधिक मुकी असती.

भारतानेही हे वाद्य पूर्वीच स्वीकारले आहे, ही गोष्ट परदेशातील मंडळांना विसरता येणार नाही. हवाईचे ताऊ मो आणि त्यांचे कुटुंब जगभर कार्यक्रम करीत हिंडले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यास राहिले. त्यांच्या शिकवणुकीने तेथे हवाईयन गिटार रुजली. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या हवाईयन गिटारवर चित्रपटगीतांच्या धून वाजवल्या आणि त्यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. खरे म्हणजे या तबकड्यांनी वाद्याची थोडी हानीही केली. गिटार म्हणजे शब्द काढून टाकलेले सिनेमाचे गाणे, असा समज त्यांनी दृढ केला. आणि प्रत्येक स्वरावर घसरतच जायचे, ही नवशिक्यांची खोड तेथूनच पसरली. मींड ही जागा पाहून घ्यायची असते. पानभर मध ओतल्याने पक्वान्न होत नाही. ही खोड ब्रिजभूषण काबरा यांनी मोडली. अली अकबर खाँसाहेबांच्या या शिष्याने गिटार मांडीवर घेऊन आलाप-जोड-झाल्याची शिस्त तिला लावली; १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत संतूर आणि बासरीच्या बरोबरीने ती बसली आहे. विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या तारा चढवून तिची ‘मोहनवीणा’ केली. अमेरिकेचे राय कूडर आणि भट्ट यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या ध्वनिमुद्रणास १९९४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. उलट, फ्लोरिडातील डेरेक ट्रक्स यांनी खाँसाहेबांचा सरोद ऐकून ऐकून आपली नळी घडवली. कॅलिफोर्नियात खाँसाहेबांनी स्थापलेल्या विद्यालयातही ते शिकले. सरोदच्या दांड्याला पडदे नसतात, हे येथे आठवावे.

तेव्हा मंडळांपुढील मागणी मोठी नाही. संगीतवर्गात गिटारला प्रवेश द्यावा. पण तो स्लाइडच्या अंगाने द्यावा. उभी धरून चार सूरसंघ झोडपणारी गिटार रागाला काही देत नाही. तिचे लाड करण्याचे कारण नाही. मॉरिशसच्या सेगा संगीताकडेही प्रतिष्ठित वर्गाने दीर्घकाळ नाके मुरडली. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या वारशात केली, तेव्हा त्याच वर्गाला ते प्रिय झाले. आपल्या शेजारच्या वस्तीत काय वाजते हे बाहेरच्यांनी सांगेपर्यंत वाट पाहणे बरे नव्हे.

खर्चही बेताचाच आहे. घरी पडून असलेली कोणतीही धातूच्या तारांची गिटार चालते. तिच्या वरच्या टोकाला तारांखाली एक उंच पट्टी सारली की तारा पडद्यांपासून पुरेशा वर येतात. सहा तारा सा, प, सा, ग, प, सा अशा जुळवाव्या, गिटार मांडीवर आडवी घ्यावी, आणि मुलाच्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी द्यावी. पहिले सहा महिने त्याने एकाच तारेवर, पेटी बंद ठेवून, तंबोऱ्याबरोबर षड्जापासून गंधारापर्यंत जावे आणि परत यावे. नंतर भूप. कांडी पडद्याच्या माथ्यावर येते की नाही हे डोळ्यांनी न पाहता कानाने ओळखू लागल्यावरच त्याला भजनाच्या साथीस बसवावे. आणि त्या दिवशी पेटीवाल्यांनी थोडे हळू वाजवावे.